पदराची गाठ

आमची आजी पदराला गाठ मारायची. गिरणीतून दळण आणायचंय, शेजारचे उसने पैसे परत द्यायचेत, असं काही लक्षात ठेवायचं असलं की पदराच्या टोकाला एक गाठ. काम झालं की गाठ सुटायची. पण कधीकधी रात्री जेवणं झाल्यावर ती पदराचं टोक हातात धरून बसलेली दिसायची. "ही कशाची गं मारली होती मी?" असं आम्हालाच विचारायची. गाठ होती, आठवण नव्हती. आणि तरीही ती गाठ सोडायची नाही. मारलीय म्हणजे काहीतरी असेलच, असं म्हणून तशीच झोपायची.

२०२३ च्या फेब्रुवारीत मला एक फोन आला आणि आजीची ती गाठ आठवली.

फोन माझ्या पहिल्या कंपनीतून होता. पलीकडे एक नवा मुलगा. "मॅडम, आपली ओळख नाही. मी तुमच्याच जागेवर लागलोय. त्या मिरजेतल्या पॅथॉलॉजी लॅबच्या सर्व्हरबद्दल विचारायचं होतं." सर्व्हरवर उबुंटू १८.०४ होतं. त्याचा मोफत सपोर्ट त्या वर्षीच्या मे महिन्यात संपणार होता, म्हणून तो सगळं नव्या व्हर्जनवर न्यायची तयारी करत होता. अपडेट चालवलं की बाकी सगळं पुढे जायचं, पण मायएसक्यूएल हा डेटाबेस मात्र 'केप्ट बॅक' म्हणून मागेच राहायचा. शोधल्यावर त्याला कळलं की कुणीतरी त्याला होल्ड लावून ठेवलाय.

"तुमच्या युजरच्या हिस्टरी फाइलमध्ये ती कमांड दिसली. तारीख नाहीये. का लावला होता तेवढं सांगाल? काढला तर काही मोडेल का?"

मी म्हणाले, "बघून सांगते." खरं तर बघायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मला आठवत नव्हतं.

*

या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडं सांगते. तुमच्या फोनवर अपडेटची सूचना येते आणि तुम्ही 'नंतर' दाबता. फोन उद्या परत विचारतो, परवा परत विचारतो, शेवटी कंटाळून तुम्ही 'हो' म्हणता. लिनक्स सर्व्हरवर शेकडो छोटी-मोठी पॅकेजेस असतात आणि त्यांचीही अशीच अपडेट येत राहतात. डेबियन आणि उबुंटूवर ती 'एपीटी' नावाची व्यवस्था सांभाळते. एखादं पॅकेज आहे त्याच व्हर्जनवर राहू दे, पुढे जाऊ देऊ नकोस, असं सांगायचं असेल तर 'एपीटी-मार्क होल्ड' आणि पुढे पॅकेजचं नाव एवढं टाइप करायचं. एका ओळीचं काम.

फोनच्या 'नंतर'मध्ये आणि या होल्डमध्ये फरक एवढाच की सर्व्हर परत विचारत नाही. दर वेळी अपडेट चालवलं की एक ओळ छापतो: अमुक पॅकेजेस मागे ठेवली आहेत. ती ओळ पहिल्या आठवड्यात वाचली जाते. महिन्याभरानं ती दिसते, पण वाचली जात नाही. सहा महिन्यांनी ती भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरसारखी होते.

*

आठवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना आठवलं, कारण घड्याळात पावणेसात वाजले होते.

२०१९ साल. माझ्या नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. उबुंटू सर्व्हरवर सुरक्षेची अपडेट आपोआप बसवायची सोय मुळातच चालू असते. त्याची वेळ सकाळी सहा ते सातच्या मधली कुठली तरी. बहुतेक ऑफिसांसाठी ही वेळ उत्तम, तेव्हा कुणी कामावर नसतं. पॅथॉलॉजी लॅबसाठी मात्र हीच सगळ्यात वाईट वेळ. फास्टिंग शुगरवाली माणसं सहापासून येऊन बसलेली असतात. रात्रीपासून उपाशी, बरीचशी साठीच्या पुढची, हातात डॉक्टरची चिठ्ठी.

त्या दिवशी पावणेसातला मायएसक्यूएलचं अपडेट बसलं. डेटाबेस काही सेकंद बंद होऊन परत चालू झाला. एवढंच झालं. पण सॅम्पलच्या नळीवर लावायची बारकोडची चिठ्ठी छापणारा आणि तपासणीच्या मशीनमधले आकडे डेटाबेसमध्ये टाकणारा एक छोटा प्रोग्राम होता. तो सुरू होताना एकदाच डेटाबेसशी जोडला जायचा. मधेच तुटलं तर परत जोडून घ्यायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो एकच वाक्य छापत राहिला: 'मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे'. सर्व्हर कुठेही गेला नव्हता. तो केव्हाच परत येऊन बसला होता, यानंच त्याच्याकडे बघणं सोडलं होतं.

मला फोन आला तेव्हा साडेआठ झाले होते. तोवर रांग जिन्यापर्यंत गेली होती. एका आजोबांना चक्कर आली, त्यांना बिस्किटं खायला घातली, म्हणजे त्यांचं त्या दिवशीचं सॅम्पल बाद. दुसऱ्या दिवशी परत उपाशी यायचं. हे सगळं मला रिसेप्शनवरच्या ताईंनी फोनवर सांगितलं, ओरडून नाही, रडवेल्या आवाजात.

आमचे सर म्हणाले, "हे परत होता कामा नये." मी 'मायएसक्यूएल-सर्व्हर' या पॅकेजला होल्ड लावला आणि निश्चिंत झाले. तीन महिन्यांनी पुढचं अपडेट आलं आणि परत तेच झालं. मग कळलं की ते नुसतं नावाचं पॅकेज असतं. खरा डेटाबेस असतो तो ५.७ असा आकडा शेपटीला लावलेल्या दुसऱ्याच पॅकेजमध्ये. त्यालाही होल्ड लावला. त्यानंतर मात्र ती तक्रार कधीच आली नाही. सरांनी शाबासकी दिली.

खरा उपाय वेगळा होता. त्या छोट्या प्रोग्रामला तुटलेली जोडणी परत जोडायला शिकवायचं. सात-आठ ओळींचं काम. किंवा अपडेटची वेळ दुपारी तीनला ढकलायची. ते तर त्याहून सोपं. मी ठरवलं होतं, पुढच्या आठवड्यात करू. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या ग्राहकाचं काही पेटलं. मग २०२० चा मार्च आला आणि त्या लॅबचं काम इतकं वाढलं की चालत्या सर्व्हरला हात लावायची कुणाची छाती नव्हती. २०२१ मध्ये मी पुण्याला दुसरीकडे लागले. जाताना मी बारा पानांचं हस्तांतरणाचं टिपण लिहिलं. त्यात पासवर्ड कुठे आहेत, बॅकअप किती वाजता होतो, सगळं होतं. होल्ड नव्हता.

*

त्या मुलाला मी सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी दुपारी आम्ही दोघांनी फोनवर बोलत बोलत त्या सात-आठ ओळी लिहिल्या, तपासल्या, होल्ड काढला, अपडेट बसवलं. एक तास वीस मिनिटं लागली. तीन वर्षं 'नंतर' करायचं म्हणून राहिलेलं काम.

तिथे हा विषय संपायला हवा होता. पण त्या तीन वर्षांत काय काय होत होतं याचा हिशोब मी मांडू लागले आणि झोप उडाली. मायएसक्यूएल ओरॅकलचं आहे. ओरॅकल दर तीन महिन्यांनी सुरक्षेच्या दुरुस्त्या जाहीर करतं आणि त्याबरोबर कुठली भोकं बुजवली याची यादीही. म्हणजे माझ्या होल्डमुळे तो सर्व्हर डझनभर याद्या मागे पडला होता. चोरानं त्या याद्या वाचाव्यात आणि अजून न बुजवलेली दारं शोधत फिरावं, एवढं सोपं. लॅबमधल्या पाच-सहा कॉम्प्युटरांना त्या डेटाबेसशी थेट बोलावं लागायचं, म्हणून तो आतल्या नेटवर्कवर उघडा होता. आणि त्यात होतं काय? शुगर, थायरॉइड, ठीक आहे. पण गरोदरपणाच्या तपासण्याही होत्या. एचआयव्हीच्या होत्या. गावात नाव-आडनावावरून माणूस कोण ते लगेच कळतं.

मी लॅबच्या मालकांना फोन केला. त्यांना सांगणं माझं काम नव्हतं, माझी ती कंपनीही राहिली नव्हती. तरी केला, त्या मुलाला आणि सरांना सांगून. सगळं सोप्या भाषेत सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे काही झालं होतं का?"

"नाही. म्हणजे तसं काही दिसलं तरी नाही."

"मग?"

या 'मग?'चं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही.

*

थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये 'नैतिक नशीब' या कल्पनेवर लिहिलं. नेगेलचं एक उदाहरण ट्रक ड्रायव्हरचं आहे. त्यानं ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. एक दिवस रस्त्यात मूल आडवं येतं, ब्रेक लागत नाहीत, मूल मरतं. आता दुसरा ड्रायव्हर घ्या, तेवढाच निष्काळजी, पण त्याच्या रस्त्यात मूल आलंच नाही. पहिल्याला आपण दोषी धरतो, तो स्वतःलाही जन्मभर माफ करत नाही. दुसरा घरी जाऊन जेवतो. दोघांनी केलं तेवढंच, सोडलं तेवढंच. फरक फक्त रस्त्यात कोण आलं याचा.

मी तो दुसरा ड्रायव्हर होते. काकांचा 'मग?' म्हणजे घरी जाऊन जेवायची परवानगी होती.

ही परवानगी घ्यायला माझ्या धंद्यात दाखलेही भरपूर मिळतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं 'हार्टब्लीड' नावाचं भोक जाहीर झालं. जगभरच्या वेबसाइटींच्या मेमरीतून गुप्त गोष्टी बाहेर ओढता येत होत्या. पण ते भोक २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या मालिकेत होतं. ज्यांनी आळसानं म्हणा, भीतीनं म्हणा, ०.९.८ सोडलंच नव्हतं, त्यांना त्या भोकाची झळ लागली नाही. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगइन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, आणि त्यातून 'एक्सझेड' या छोट्याशा पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या व्हर्जनमध्ये कुणीतरी मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. तिथेही सापडले ते पुढे धावणारे. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती व्हर्जन पोचलीच नव्हती.

आणि उलटा दाखला हवा असेल तर २०१७ चं इक्विफॅक्स. अपाची स्ट्रट्समधल्या भोकाची दुरुस्ती मार्चमध्ये आली होती. ती तिथे बसवायची राहिली. मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

म्हणजे थांबणारा कधी वाचतो, कधी बुडतो. पुढे जाणाराही तसाच. निकालावरून आपण शहाणे होतो की नाही हे ठरवायला गेलं तर सगळं नशिबावर जातं. ०.९.८ वर बसलेला माणूस हार्टब्लीडच्या दिवशी शहाणा ठरला, पण तो त्यासाठी तिथे बसला नव्हता. त्याला माहीतही नव्हतं. माझा होल्डही असाच निर्धोक ठरला असेल. त्याचं श्रेय मला नाही.

खरं तर 'ठरला' म्हणायचीही सोय नाही. त्या सर्व्हरवर लॉग ठेवायची पद्धत मूळचीच होती: आठवड्याला नवी फाइल, चार जुन्या ठेवायच्या, बाकी पुसायच्या. तीन वर्षांतल्या शेवटच्या महिन्याभराचं आम्हाला दिसत होतं. ट्रक ड्रायव्हरला निदान मागे वळून रस्ता रिकामा आहे हे बघता येतं.

*

मग चूक नेमकी कुठे झाली? होल्ड लावला इथे? मला तसं वाटत नाही. आजोबांना चक्कर येत असताना आधी रांग चालू करणं हेच बरोबर होतं. अनेक जाणते लोक डेटाबेस, डॉकर, कर्नल यांना मुद्दाम होल्ड लावतात, कारण ते कधी पुढे न्यायचे हे झोपेतल्या मशीननं नाही, जाग्या माणसानं ठरवावं. थांबवणं हा निर्णय असू शकतो.

चूक विसरण्यात झाली असं म्हणावं, तर लगेच प्रश्न येतो: विसरल्याचा दोष माणसाला देता येतो का? विसरणं काही मी ठरवून केलं नव्हतं. ठरवून कुणीच विसरत नाही. माझं उत्तर असं की विसरण्याचा दोष नसेल, पण आपण विसरणार हे माहीत असूनही आपल्याच आठवणीवर भार टाकून जाण्याचा आहे. मी विसरले २०२० मध्ये कधीतरी. पण चूक केली २०१९ मध्येच, ज्या मिनिटाला ती कमांड टाइप केली आणि शेजारी एक ओळही लिहिली नाही. तेव्हा मला कारण स्वच्छ माहीत होतं. लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं.

जी. के. चेस्टरटन यांचं कुंपणाचं उदाहरण आमच्या धंद्यात फार लाडकं आहे. रस्त्यावर आडवं कुंपण दिसलं आणि त्याचा उपयोग कळला नाही, तर ते पाडू नका. आधी ते का घातलं होतं ते शोधून या. नव्या मुलामुलींना हे आम्ही ऐटीत सांगतो. तो फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा कुंपण घालणाऱ्याच्या जागी उभी होते, आणि मला ते उदाहरण अर्धवट वाटलं. त्यात सगळं ओझं पाडणाऱ्यावर आहे. त्या मुलानं सगळं बरोबर केलं: पाडलं नाही, शोधलं, नंबर मिळवून फोन केला. मी फोन उचलला नसता तर? मी देश सोडून गेले असते तर? त्याच्यापुढे दोनच रस्ते उरले असते. डोळे मिटून होल्ड काढायचा आणि एखाद्या सकाळी रांग जिन्यापर्यंत न्यायची, नाहीतर आजीसारखं म्हणायचं: मारलीय म्हणजे काहीतरी असेलच. मी त्याला निर्णय दिला नव्हता, नुसती भीती दिली होती. आणि काकांना तर मी काहीच दिलं नव्हतं. धोका त्यांच्या रुग्णांचा होता आणि तो उचलायचा की नाही हे मी परस्पर ठरवलं होतं.

'मग?'चं उत्तर आता मी असं देईन. काही झालं नाही, काका, पण तीन वर्षं तुमच्या घराचं एक दार उघडं ठेवायचं की नाही हे मी ठरवत होते, आणि ते तुम्हाला माहीत नव्हतं. नंतर नंतर तर मलाही नव्हतं.

*

त्या प्रसंगानंतर मी एक गोष्ट बघितली. एपीटीत होल्ड कुठे नोंदला जातो? डीपीकेजीच्या स्टेटस फाइलमध्ये त्या पॅकेजखाली तीन शब्द असतात: 'होल्ड ओके इन्स्टॉल्ड'. बस. कुणी, कधी, का, यासाठी जागाच नाही. त्या मधल्या 'ओके'चा तांत्रिक अर्थ वेगळा आहे, पण मला तो टोचतो.

त्याच एपीटीत दुसरा रस्ताही आहे. 'प्रेफरन्सेस' नावाच्या फोल्डरमध्ये छोटी फाइल लिहून पॅकेज ठरावीक व्हर्जनवर पिन करता येतं, आणि त्या फाइलमध्ये 'एक्सप्लनेशन' असं लिहून कारण नोंदवता येतं. मशीन ती ओळ वाचून सोडून देतं. ती माणसासाठीच असते. रेड हॅटच्या कुळात 'व्हर्जनलॉक' नावाची सोय आहे. ती कुलूप लावल्याची तारीख आपणहून लिहून ठेवते. ज्यांनी या सोयी केल्या त्यांना माणूस विसरतो हे माहीत असणार.

आणि डेबियनची स्थिर आवृत्ती तर मला आता अख्खी एक नैतिक भूमिका वाटते. ती आवृत्ती बाहेर पडली की त्यातल्या पॅकेजेसची व्हर्जन शक्यतो हलवत नाहीत, म्हणजे वर्षानुवर्षांचा एक मोठा होल्डच. पण मागे त्यांचा सुरक्षेचा गट बसलेला असतो. नव्या व्हर्जनमधली फक्त भोक बुजवणारी दुरुस्ती काढून ती जुन्या व्हर्जनला शिवून देणं, हे काम ते करत राहतात. थांबायचं तर असं थांबायचं: जागं राहून.

मी काही तेवढी मोठी नाही. आता मी होल्ड लावला की पिनच्या फाइलमध्ये तीन गोष्टी लिहिते: का, कुणी, कधीपर्यंत. ज्याचा सर्व्हर आहे त्याला एक मेल. कॅलेंडरवर ती तारीख. नव्या नोकरीत सध्या असे चार होल्ड माझ्या नावावर आहेत. त्यातल्या एकाची तारीख मी दोनदा पुढे ढकललीय. कारण तेच जुनं: पुढच्या आठवड्यात करू. पण ढकलताना दोन्ही वेळा मला ते कारण परत टाइप करावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी मेल लिहिताना लाज वाटली. तिसऱ्यांदा तो मेल लिहायचा नाही म्हणून या शनिवारी मी कुठे जात नाहीये.